अँटेना घेण्याआधी लहर मोजा

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली, मोठे नेते तुरुंगात गेले आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक गुप्त रेडिओ केंद्र उभं केलं. काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्टला त्याचं पहिलं प्रसारण झालं आणि १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत, शहरात जागा बदलत, ते बोलत राहिलं. आपण कुठून बोलतो हे श्रोत्यांना सांगायची सोय नव्हती. एक आकडा मात्र सांगावाच लागे: ४२.३४ मीटर. तो ठाऊक असला की रेडिओचा काटा कुठे न्यायचा हे घरबसल्या कळायचं.

हा आकडा म्हणजे त्या केंद्राच्या लहरीची लांबी. स्कॅनरचा, म्हणजे हवेतल्या रेडिओ लहरी धुंडाळून ऐकण्याचा, छंद लागलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, “कोणती अँटेना घेऊ?” त्याचं उत्तर या आकड्यात आहे. लहर किती लांब, यावर अँटेना किती लांब हे ठरतं. म्हणून आधी काय ऐकायचं ते ठरवावं, मग त्याची लहर मोजावी आणि अँटेनाचा विचार त्यानंतर करावा. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या माळ्यावर महागड्या अँटेना धूळ खात पडतात.

हिशोब सोपा आहे. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, आणि ३०० ला मीटरने भागलं की फ्रिक्वेन्सी. काँग्रेस रेडिओचे ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास. गंमत अशी की ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आज भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, ‘चाळीस मीटर’ बँड आहे. सकाळच्या वेळी तिथे देशभरातले हॅम एकमेकांशी बोलताना ऐकू येतात.

आता हाच हिशोब मुंबईच्या उपनगरांत लावून बघू. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झची म्हणून ओळखली जाते, संवादिता १०४४ ची आणि विविध भारती ११८८ ची. ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ०.५५८ मेगाहर्ट्झ. भागाकार केला की लहर निघते ५३७ मीटरची, अर्धा किलोमीटरहून लांब. एफएमवर ९८.३ मेगाहर्ट्झ घेतलं तर लहर तीन मीटरची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅमसाठी येणारा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर असतो. त्याची लहर दोन मीटरची. ४३५ मेगाहर्ट्झला ती जेमतेम सत्तर सेंटिमीटर उरते. आकडा वाढत जातो तशी लहर आखूड होत जाते, एवढं मनात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

आकड्यांचीही एक शिस्त असते. भारतात मध्यम लहरींवर दर ९ किलोहर्ट्झला एक जागा आखलेली आहे, म्हणून या पट्ट्यातल्या प्रत्येक केंद्राच्या आकड्याला नऊने पूर्ण भाग जातो. ५५८, १०४४, ११८८, पुण्याचं ७९२, राजकोटचं १०७१, सगळे करून पाहा. मुंबईच्या एफएमवर ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ ही ओळ पाहा. दोन शेजाऱ्यांमध्ये बरोबर ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर आहे. बलवान केंद्रं एकमेकांवर चढू नयेत म्हणून ठेवलेली ही मोकळी जागा. स्कॅनरला ‘इतक्या पासून इतक्या पर्यंत, इतकं इतकं पाऊल टाकत जा’ असं सांगावं लागतं. ते पाऊल या अंतराशी जुळलं नाही तर स्कॅनर केंद्राच्या कडेला थांबतो आणि आवाज फाटका येतो. मध्यम लहरींवर पाऊल ९ किलोहर्ट्झचं ठेवा. काही रेडिओ अमेरिकी सवयीने १० वर लावलेले असतात. ती सेटिंग आधी बदला.

मोजल्यावर तार किती कापायची

अँटेनाचं सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं रूप म्हणजे डायपोल: दोन सारख्या दांड्या, मध्ये फट, आणि त्या फटीतून निघणारी वायर. दोन्ही दांड्यांची मिळून लांबी लहरीच्या निम्मी ठेवतात. धातूत आणि टोकांपाशी लहर किंचित आखडते, म्हणून प्रत्यक्षात १४३ ला मेगाहर्ट्झने भागून येणारे मीटर धरावेत. एफएमच्या मधोमध, ९८ मेगाहर्ट्झला, डायपोल सुमारे १४६ सेंटिमीटरचा येतो, म्हणजे एकेक दांडी ७३. अंतराळ स्थानकासाठी एकेक दांडी ४९. ४३५ साठी साडेसोळा.

दुसरं रूप एकाच उभ्या दांडीचं. तिची लांबी लहरीच्या पाव. दुसऱ्या दांडीचं काम इथे खालचा धातूचा पत्रा करतो. संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरबरोबर चुंबकाच्या बुडाची जी अँटेना येते, ती याच जातीची. बहुतेक जण ती लाकडी टेबलावर उभी करतात आणि काही ऐकू येत नाही म्हणून नाराज होतात. तिला खाली पत्रा हवा. स्टेनलेस स्टीलच्या ताटाला चुंबक बहुधा धरत नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं मोठं झाकण चालतं. झाकणाच्या मधोमध अँटेना बसवा आणि दांडी मागेपुढे होणारी असेल तर ती पट्टीने मोजून हव्या त्या लांबीवर आणा. ती पूर्ण ताणली म्हणजे जास्त ऐकू येतं, हा समज काढून टाका. ४३५ मेगाहर्ट्झ ऐकताना ती सोळा सेंटिमीटरवर आणली की फरक कानाला कळतो.

मग ५३७ मीटरच्या लहरीचं काय? तिच्या पावपट म्हणजे १३४ मीटर. एवढं उंच काही प्रसारण करणाऱ्यालाच परवडतं. मालाडला मार्वेच्या बाजूला आकाशवाणीचे मनोरे उभे आहेत ते यासाठीच. ऐकणाऱ्याची अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटते. ट्रान्झिस्टर उघडला तर आत काळपट रंगाची एक कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार दिसते. कांडी फेराइटची असते. ती लहरीतला चुंबकीय भाग पकडून तारेत एकवटते, म्हणून बोटभर-वीतभर कांडीवर काम भागतं. मध्यम लहरी ऐकताना वरची लांब दांडी ताणून काहीच होत नाही, कारण तिचा इथे संबंधच नसतो.

ही कांडी दिशा ओळखते, आणि ते घरात करून बघण्यासारखं आहे. ट्रान्झिस्टर सेलवर चालवा, अस्मिता किंवा संवादिता लावा, आवाज मध्यम ठेवा आणि रेडिओ टेबलावर आडवा ठेवून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम खाली जाईल. त्या क्षणी कांडीचं टोक थेट प्रक्षेपकाकडे रोखलेलं असतं. बोरिवलीच्या घरात ते नैर्ऋत्येला निघेल, घाटकोपरात वायव्येला, मुलुंडला जवळजवळ पश्चिमेला आणि अंधेरीत उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकलेलं. मोबाइलवरच्या नकाशात मालाड-मार्वेची बाजू पाहून पडताळा. अँटेनाला दिशा असते हे वाक्य कितीदाही वाचलं तरी या एका फेऱ्याने जेवढं कळतं तेवढं कळत नाही. हीच युक्ती पुढे उपयोगी पडते: शेजारच्या घरातून कुरकुर येत असेल तर कांडीचं टोक तिच्याकडे रोखा, ती दबते. रात्री या पट्ट्यावर आणखी एक बदल होतो. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी त्याहून उंच थरावरून परतून दूरवर पोचतात. दिवसभर न ऐकू येणारी परप्रांतातली केंद्रं जेवणानंतर स्वच्छ येऊ लागतात ती यामुळे.

उंची, डोंगर आणि खिडकी

एफएमपासून वरच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यांना उंची लागते. अँटेनाच्या उंचीचं, मीटरमधलं, वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की तिचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. सातव्या मजल्यावरची, जमिनीपासून वीस मीटरवरची खिडकी अठरा किलोमीटर पाहते. वरळीच्या दूरदर्शनच्या ३०० मीटर उंच मनोऱ्याचं क्षितिज सत्तर किलोमीटरच्या पुढे जातं. दोन्हींची बेरीज करायची: मध्ये आडवं काही नसेल तर त्या खिडकीला तसा मनोरा नव्वद किलोमीटरवरूनही दिसेल. तळमजल्यावर माणसाच्या उंचीला धरलेल्या अँटेनाचं क्षितिज पाच-सहा किलोमीटरवर संपतं. दोन मजले वर चढणं हे दुप्पट किमतीच्या अँटेनापेक्षा जास्त कामाचं ठरतं, ते याच गणितामुळे.

मध्ये आडवं काही नसेल तर, ही अट मात्र आपल्याकडे मोठी आहे. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. बोरिवलीतल्या हॅमचा क्षीण संदेश मुलुंडला ऐकू येत नसेल तर त्यात रिसीव्हरचा दोष काढू नये; लहर डोंगराला अडली आहे. मुलुंडकरांना ठाण्याची बाजू मोकळी मिळते, बोरिवलीकरांना गोराईच्या खाडीची आणि समुद्राची. अंधेरी आणि घाटकोपरला एवढे मोठे डोंगर नाहीत, पण टॉवर आहेत, आणि दर दोन-तीन वर्षांत एखादी नवी इमारत खिडकीसमोर उभी राहते. छंद सुरू करताना घराच्या प्रत्येक खिडकीतून आकाश किती दिसतं हे एकदा पाहून कागदावर दिशांसह लिहून ठेवा. जी खिडकी सर्वांत मोकळी, तीच तुमच्या अँटेनाची जागा.

इमारत आपली असली तरी लहरींसाठी ती पिंजरा असते. आरसीसीच्या भिंती-स्लॅबमधलं लोखंडी सळ्यांचं जाळं, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि सुरक्षेसाठी बसवलेली लोखंडी ग्रिल, हे सगळं लहरी अडवतं आणि वाकवतं. ग्रिलच्या आतली अँटेना बाहेर हातभर सरकवली की जे ऐकू येऊ लागतं, ते आत बसून कुठलंही यंत्र जोडून मिळत नाही. ग्रिलला बांधलेली पीव्हीसीची नळी आणि तिच्या टोकाला अँटेना, ही फ्लॅटमधली सगळ्यात चांगली सोय. ती खाली पडू शकणार नाही अशी दोन ठिकाणी बांधा. खाली माणसं चालतात. आणि कुठलीही अँटेना विजेच्या तारांपासून इतकी दूर ठेवा की ती कोसळली तरी तारेला लागणार नाही. यात कधीही सूट घेऊ नका.

अँटेना उभी की आडवी, हेही पाहावं लागतं. प्रक्षेपकाची दांडी उभी असेल तर आपली उभी हवी. काटकोनात पडली तर कागदावरच्या हिशोबाने शंभरातला एखादाच भाग हाती लागतो. शहरात भिंतींवरून आदळत आलेल्या लहरी थोड्या तिरक्या झालेल्या असतात म्हणून एवढं नुकसान होत नाही, पण होतं. वॉकीटॉकी, रिपीटर (क्षीण संदेश ऐकून पुन्हा पुढे पाठवणारी केंद्रं) आणि जमिनीवरचे बहुतेक संदेश उभ्या दांडीचे असतात.

दोन दांड्यांची एक अँटेना

पहिली अँटेना विकत घेऊ नका, बनवा. त्यासाठी रशियाचे मेटिऑर जातीचे हवामान उपग्रह हे उत्तम निमित्त आहे. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे जुने उपग्रह अनेक वर्षं नवशिक्यांचे सोबती होते. २०२५ मध्ये ते बंद करण्यात आले. मेटिऑर एम मालिकेतले एन-२-३, जो जून २०२३ मध्ये अवकाशात गेला, आणि एन-२-४, जो फेब्रुवारी २०२४ मध्ये अवकाशात गेला, हे १३७.१ किंवा १३७.९ मेगाहर्ट्झवर ढगांची चित्रं पाठवतात. ती कुणीही उतरवून घ्यावीत अशीच पाठवलेली असतात.

साहित्य थोडं लागतं. प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्या, ॲल्युमिनियमच्या किंवा जाड तांब्याच्या तारेच्या. इलेक्ट्रिशियन वापरतात ती स्क्रूंची प्लास्टिकची कनेक्टर पट्टी. पीव्हीसी नळीचा तुकडा. आणि केबल. केबलच्या टोकाचं आवरण सोलून मधली तार एका दांडीला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या दांडीला स्क्रूने आवळायची. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नका. लागला तर अँटेना मुकी होते आणि कारण सापडता सापडत नाही. मग दोन्ही दांड्या इंग्रजी व्हीसारख्या १२० अंशात पसरून जमिनीला समांतर ठेवायच्या आणि व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करायचं, कारण हे उपग्रह ध्रुवांवरून, म्हणजे जवळजवळ उत्तर-दक्षिण, जातात. आडव्या ठेवलेल्या या व्हीचं लक्ष आकाशाकडे असतं. आसपासच्या उभ्या दांड्यांवरून येणारे बलवान संदेश तिला कमी जाणवतात, हा दुसरा फायदा.

गच्चीवर नेलीत तर संपूर्ण फेरी मिळेल. फक्त पूर्वेची खिडकी असेल तर जो उपग्रह तुमच्या पूर्वेकडून जातो तेवढाच धरा. फेऱ्यांच्या वेळा आणि दिशा सांगणारी ॲप मोफत मिळतात. उपग्रह आठशे किलोमीटरवरून जातो, पंधरा मिनिटांत मावळतो, आणि तेवढ्यात पडद्यावर ओळीओळीने अरबी समुद्र, कोकणाची किनारपट्टी आणि वरचे ढग उतरतात. चित्र उलगडायला सॅटडम्प नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. हीच व्ही दांड्या ४९ सेंटिमीटरवर आणून अंतराळ स्थानकासाठी वापरता येते. स्थानकावरून अधूनमधून याच १४५.८ वर चित्रंही पाठवली जातात. स्थानक आपल्याकडे येताना त्याची फ्रिक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झ वर दिसते आणि दूर जाताना तितकीच खाली. डॉप्लरचा नियम शाळेत वाचला असेल, इथे तो पडद्यावर सरकताना दिसतो.

बाजारातल्या बाकीच्या अँटेनांबद्दल थोडक्यात. डिस्कोन ही वर चकती आणि खाली शंकू अशी सळ्यांची अँटेना. ती फार रुंद पट्टा ऐकते, कुठलाच विशेष चांगला ऐकत नाही, आणि गच्ची मिळाली तरच घ्यावी. यागी म्हणजे जुन्या टीव्हीच्या छपरावरची माशाच्या काट्यासारखी अँटेना. एका दिशेला दूरचं ऐकते, दुसरीकडे पाठ करते. ‘जास्त गेन’ या शब्दांचा अर्थ एवढाच. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, एका दिशेची शक्ती दुसरीकडून काढून घेते. लघुलहरींसाठी, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झसाठी, गॅलरीतून सोडलेली आठ-दहा मीटर तार पुष्कळ झाली. पण ज्या इमारतीत विजेचा गोंगाट जास्त, तिथे तारेपेक्षा हातभर व्यासाचं लूप बरं, कारण तेही फेराइटच्या कांडीसारखं फिरवून गोंगाट दाबता येतो.

वाटेत काय हरवतं

अँटेना ते रिसीव्हर ही केबल नवशिक्याच्या यादीत शेवटी असते, आणि सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. आरजी-५८ नावाची काळी बारीक केबल सगळीकडे मिळते. पंधरा मीटर घेतलीत तर १४५ मेगाहर्ट्झला जवळजवळ निम्मा संदेश तिच्यातच जिरतो, आणि हजार मेगाहर्ट्झच्या आसपास दहातला एखादाच भाग पलीकडे पोचतो. त्यापेक्षा केबलवाला टीव्हीसाठी वापरतो ती आरजी-६ स्वस्तही आहे आणि चांगलीही. तितक्याच लांबीत तिच्यात हजार मेगाहर्ट्झलाही निम्मा संदेश वाचतो. ‘ती पंचाहत्तर ओहमची आणि रिसीव्हर पन्नासचा’ अशी हरकत कुणी घेईल. त्या विजोडपणाने होणारा तोटा शंभरात चारच्या आसपास आहे. केवळ ऐकणाऱ्याने त्याची चिंता करू नये. केबलच्या एफ कनेक्टरवरून रिसीव्हरच्या एसएमए कनेक्टरवर जाणारा जोड लागतो. तो आणि बाकीचं किरकोळ सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एका फेरीत होतं. केबल जेवढी लागते तेवढीच घ्या. उरलेली गुंडाळून ठेवली तरी तिच्यातही संदेश जिरतोच.

संदेश क्षीण वाटला की लोक ॲम्प्लिफायर घेतात. मुंबईच्या उपनगरात ही घाई नडते. इथे संदेश कमी आहेत असं क्वचितच असतं. नको असलेले फार बलवान आहेत, ही खरी अडचण. डझनभर एफएम केंद्रं, मालाडचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक, जवळपास प्रत्येक उंच इमारतीवर मोबाइलचे टॉवर. पेनड्राइव्हएवढा जो रिसीव्हर आज बहुतेक नवशिके घेतात, आरटीएल-एसडीआर, तो मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनला होता. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं की तो साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत काहीही ऐकू शकतो. इतक्या स्वस्तात एवढं देणारं दुसरं यंत्र नाही आणि मी ते निःसंकोच सुचवतो. पण समोर जे येईल ते सगळं तो आत घेतो, आणि बलवान संदेशांनी गुदमरला की नसलेल्या जागी गाणी दाखवू लागतो. १३७ मेगाहर्ट्झवर हिंदी गाणं ऐकू आलं तर ते तिथे नाही. खात्री करायला रिसीव्हरचा गेन, म्हणजे संदेश आत वाढवण्याचं प्रमाण, दोन पायऱ्या खाली आणा: खोटं गाणं झपकन नाहीसं होतं, खरा संदेश थोडाच उतरतो. उपाय म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारं छोटं फिल्टर, अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये. आधी फिल्टर. नंतरही गरज उरली तर ॲम्प्लिफायर, तोही अँटेनाच्या टोकाला. केबलमध्ये संदेश जिरून गेल्यावर खाली बसवलेला ॲम्प्लिफायर उरलेल्या संदेशाबरोबर गोंगाटही मोठा करतो.

गोंगाट बहुतेक वेळा घरातूनच येतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, लिफ्टची मोटर. एका रविवारी घरातल्यांना सांगून पाच मिनिटं मेन स्विच बंद करा आणि रेडिओ सेलवर किंवा लॅपटॉप बॅटरीवर ठेवून ऐका. कुरकुर थांबली तर एकेक वस्तू सुरू करत दोषी शोधा. बहुधा तो एखादा स्वस्तातला चार्जर निघतो. थांबली नाही तर ती बाहेरची आहे. रुळांच्या कडेला राहणाऱ्यांना लोकल जाताना मध्यम आणि लघुलहरींवर करकर ऐकू येते. २५,००० व्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफ घासताना उडणाऱ्या ठिणग्यांची ती. गाडी गेली की ती जाते, तिच्यावर इलाज शोधू नये.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे वर्षातले चार महिने तोच असतो. केबलच्या उघड्या टोकातून शिरलेलं पाणी जाळीतून आत झिरपतं, तांबं हिरवं पडतं आणि केबल फेकून द्यावी लागते. जोडांवर ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते. ती मे महिन्यात गुंडाळा. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, घरात येणार नाही. समुद्राच्या बाजूला, गोराई-मार्वेकडे, खारी हवा ॲल्युमिनियमलाही खाते, तेव्हा दर दिवाळीला स्क्रू सोडवून घासून घ्या. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की अँटेना रिसीव्हरपासून काढून ठेवा आणि शक्यतो आत घ्या. गच्चीवर कायमची उभी करायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि जाणकाराकडून केलेलं अर्थिंग, दोन्ही आधी हवं.

कुणाचं ऐकावं

पूर्वी रेडिओ घरात ठेवायला पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागे. ते १९८० च्या दशकात गेलं. त्यामुळे ‘ऐकायला कशाचीच बंदी नाही’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. आकाशवाणी, एफएम, परदेशी प्रसारणं, हॅम, हवामान उपग्रह हे सगळ्यांसाठी किंवा उघडपणे बोललेलं आहे. पोलिस, अग्निशमन, विमानतळाचा नियंत्रण कक्ष यांचं बोलणं तसं नाही. अंधेरी-घाटकोपरच्या घरांवरून विमानं इतक्या खालून जातात की ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डोकावायचा मोह होणारच. तो आवरा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत विमानतळ ऐकायचे धडे असतात, ते त्यांच्या देशाच्या कायद्याने असतात. वॉकीटॉकीचंही तसंच: ऑनलाइन सहज मिळते म्हणून ती परवान्याविना वापरता येते असं नाही.

ज्याला ऐकता ऐकता बोलावंसं वाटेल त्याच्यासाठी सरळ वाट आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स कोड लागत नाही. अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवर सरकारचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे आणि शहरात मुंबई ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटीसारख्या संस्था आहेत. या संस्थांमधली जुनी मंडळी नवख्याला शिकवायला वेळ देतात. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्यालाही बरोबर बसवा, त्याच्याकडून दांड्या मोजून घ्या आणि दोघं मिळून अर्ज भरा.